सटवाजी कंडक्टरचा कावा

सटवाजी कंडक्टर डबल बेल दिल्याशिवाय कुठलंही काम सुरू करत नाहीत. जेवायला बसले की आधी जिभेने ‘टण् टण्’, मग पहिला घास. आमच्याकडे आले, चहा झाला, की पुन्हा ‘टण् टण्’ आणि स्वारी निघाली. एस.टी.तून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण घंटीची दोरी काही हातातून सुटली नाही. लोहा गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. सकाळी पलीकडून डबल बेल ऐकू आली, की माझी बायको म्हणते, “चला, कंडक्टरसाहेब आंघोळीला निघाले.”

या वयात माणसं माळेगावच्या जत्रेतून घोंगडी आणतात. यांनी अडीच वर्षांची घोडी आणली. तांबडीलाल, म्हणून नाव ठेवलं लालपरी.

“हे काय आता?” मी विचारलं.

“ओवी बसंल की.”

ओवी म्हणजे त्यांची पुण्यातली नात, वय वर्षं नऊ. ती कधीतरी फोनवर म्हणाली होती, “आबा, मला घोड्यावर बसायचंय.” पोरं फोनवर काय वाट्टेल ते बोलतात. सटवाजींनी ते आरक्षणासारखं नोंदवून घेतलं. बायको गेल्यापासून त्या घरात नोंदवून घेण्यासारखं दुसरं फारसं कुणी बोलतही नव्हतं.

एके दिवशी भिंतीवरून म्हणाले, “सर, आजपासून परीला कावा शिकवून राहिलो.”

मला कावा ठाऊक होता तो चौथीच्या इतिहासातला, गनिमी. हा वेगळा निघाला. माणसाने मधोमध उभं राहायचं, हातात लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला घोडं गोल फिरवायचं. चाल म्हटलं की चाललं पाहिजे, थांब म्हटलं की थांबलं पाहिजे. यालाच कावा देणं म्हणतात. सटवाजींचे हुकूम अर्थातच तयार होते. डबल बेल म्हणजे निघायचं, सिंगल बेल म्हणजे थांबायचं. आणि मधल्या वेळात, “चला, पुढं सरका, दारात थांबू नका.”

मी हायस्कूलला भूमिती शिकवतो. वाकडं वर्तुळ दिसलं की माझं पोट दुखतं. दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी बोललोच. “कंडक्टरसाहेब, हे वर्तुळ नाही, अंडं आहे.”

“तिकडल्या अंगाला रस्ता खराब हाय सर.”

शेवटी मीच त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर मधोमध खुंटी ठोकली आणि चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आखून दिलं. इथवर ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

परीत एक खोड होती. सिंगल बेल झाली की ती थांबायची नाही, वळायची आणि सरळ सटवाजींकडे यायची. आली की त्यांच्या काखेत तोंड खुपसून उभी. मग ते गळ्यातल्या जुन्या तिकिटाच्या बॅगेतून गुळाचा खडा काढायचे. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून तोवर बराच शहाणा झालो होतो. म्हटलं, “हे चूक आहे. घोड्याने जिथल्या तिथे, रेषेवर थांबायचं असतं. माणसाने त्याच्याकडे जायचं.”

“आसं कुठं आसतंय का? गाडी ष्टॉपवर थांबती सर. ष्टॉप मी हाय.”

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो.

दिवाळीला मुलगा, सून आणि ओवी आले. आबांनी नातीला खुंटीजवळ शेजारी उभं केलं आणि ऐटीत सिंगल बेल दिली. परी नेहमीसारखी दुडक्या चालीने आत आली. तिच्या खांद्याचा धक्का लागून ओवी खाली बसली. खरचटलंही नाही, पण सुनेचा जीव घाबरला आणि आठ दिवसांसाठी आलेली माणसं दुसऱ्या दिवशी निघाली. जाताना मुलगा म्हणाला, “बाबा, तिला आधी नीट वळण लावा. मग उन्हाळ्यात येतो.”

त्याच संध्याकाळी सटवाजी माझ्याकडे आले. “सर, तुमच्या त्या मोबाईलात काय हाय ते सांगा.”

मी सांगितलं, आणि मोठ्या हौसेने सांगितलं. घोडी आत वळली की दोरी हलवायची, चाबूक तिच्या खांद्याकडे रोखायचा, मागे पाठवायची. गूळ अजिबात नाही. पहिले तीन दिवस त्यांचा हात वरच होईना. परी आली की चाबूक खाली. मी भिंतीशी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा उभा. “नाही, नाही, पाठवा परत.” चौथ्या दिवशी त्यांनी चाबूक रोखला. परी दचकून मागे सरली, जरा थांबली, पुन्हा आली. “जा गं, तिकडंच थांब,” ते म्हणाले. बोलत तिच्याशी होते, बघत माझ्याकडे होते.

घोडी हुशार. तीन आठवड्यांत शिकली. मी शंभरपैकी शंभर दिले.

मे महिन्यात ओवी आली. डोक्याला हेल्मेट घालून परीवर बसली, पाच फेऱ्या झाल्या. सिंगल बेल होताच परी रेषेवर अशी थांबली, की मी टाळ्या वाजवल्या. सुनेने व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, तिसऱ्या दिवशी पुण्यात ओवीचा कसलासा क्लास होता. वाईट कुणीच नव्हतं. माणसं जशी येतात तशी आली आणि गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीशी गेलो. सटवाजींनी परीची दोरी सोडली होती. ती मोकळी फिरत होती आणि हे खुंटीजवळ गुळाचा खडा तळहातावर घेऊन उभे. सिंगल बेल दिली. परी होती तिथे थांबली. “ये,” म्हणाले. परीने एक पाऊल आत टाकलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा फक्कीच्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

असं तीनदा झालं. ती रेषा मी आखलेली होती, आणि तिची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “विसरली असेल हो. येईल हळूहळू.”

“इसरली न्हाई सर,” ते म्हणाले. “तिला वाटतंय, जवळ आलेलं मला चालत न्हाई.”

आणि गूळ मुठीत धरून ते तिच्याकडे चालू लागले.