नावाडी, बोकड आणि अप्पा

सातशे पानांची ती जुनी, गाजलेली कादंबरी आपण दहा मिनिटांच्या कार्टूनपटात बसवून दाखवू, असं चित्रकाराने घरात छातीठोकपणे जाहीर केलं. बायको एवढंच म्हणाली, की लग्नाचे फोटो अल्बममध्ये लावायचे अजून राहिलेत. पण गडी हट्टाला पेटला होता. कादंबरीत एक म्हातारा नावाडी सगळी कथा सांगतो, आणि नावाड्याचा आवाज तर घरातच होता. त्याचे वडील, अप्पा, जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले! ही कादंबरी लहानपणी त्याला त्यांनीच वाचून दाखवली होती.

या धंद्यात आधी आवाज घेतात आणि मग त्या आवाजाबरहुकूम पात्राचे ओठ काढतात. बाहेरचा गोंगाट नको म्हणून अप्पांना कपड्यांच्या कपाटात तोंड घालून उभं केलं. सुनेच्या स्वेटरांशी अप्पा तासन्‌तास बोलले, मधे पाणी प्यायले, घसा खाकरला, पुन्हा पहिल्यापासून बोलले. काम संपल्यावरही त्यांनी आवाज जपायचा म्हणून थंड पाणी सोडलं ते सोडलंच.

चित्रकार वर्षभर नावाड्याचे ओठ काढत बसला. मग निर्मातेसाहेबांनी ऐकलं. "वादळ सुटलंय, नाव बुडतेय, आणि तुमचा नावाडी गाडी फलाटावर लागल्यासारखं सांगतोय," ते म्हणाले. नाटकातला एक कसलेला नट बोलावण्यात आला. चित्रकाराने मान डोलावून टाकली.

अप्पांना उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या उजाडला, तेव्हा अप्पा न्हाव्याच्या दुकानात बसून पहिल्या खेळाची आमंत्रणं करत होते. परवा डेपोतले जुने कंडक्टर घरी येऊन गेले. तेरवा अप्पांनी कोट धुवायला टाकला. आज सांगून टाक, असं बायको रोज बजावत होती. एकदा तो मनाचा हिय्या करून अप्पांच्या खोलीत गेलाही, तर त्यांनीच विचारलं, "नावं शेवटी येतात ना? तोवर लोक उठून जाणार नाहीत, एवढं बघ." तो उगाचच खिडकी लावून परत आला.

मग त्याला युक्ती सुचली, आणि तिथेच घात झाला. नावेत एक बोकड होता, अजून मुका. अप्पांचं घसा खाकरणं थोडं ताणून त्याने बोकडाला लावलं. ते इतकं चपखल बसलं की निर्मातेसाहेब खूश! अप्पांचा आवाज चित्रपटात आहे, हे आता खोटं तर नव्हतं. शेवटच्या यादीत त्याने अप्पांचं नाव घालायला सांगितलं. ते कशापुढे घालायचं, हे सांगायचं राहून गेलं.

पहिल्या खेळाला अप्पा कोट घालून मधोमध बसले, दोन्ही बाजूंना मित्रमंडळी. नावाड्याने तोंड उघडलं आणि परका आवाज आला. न्हाव्याने वळून अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पडद्यावरून नजर काढली नाही. ओठ त्यांचेच होते. जिथे ते पाणी प्यायला थांबले होते, तिथे नावाडीही आवंढा गिळत होता. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि तेवढंही त्याच्याने झालं नव्हतं.

इतक्यात बोकड खाकरला. सगळं थिएटर हसलं. कंडक्टर मंडळींनी तर ते तत्काळ ओळखलं. सकाळच्या पहिल्या गाडीआधी वर्षानुवर्षं तेच ऐकलेलं. शेवटी नावं आली. नावाडी म्हणून नटाचं नाव, आणि त्याखाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत, बोकड म्हणून अप्पांचं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टीही मारली.

बाहेर अप्पांनी सगळ्यांची अभिनंदनं शांतपणे स्वीकारली. बोकडाला वाक्यं कमी असली तरी मोक्याची आहेत, असं ते न्हाव्याला समजावत होते. गर्दी पांगल्यावर चित्रकार पुढे झाला. "अप्पा, माझं चुकलं. मी तुम्हाला आधीच..."

"आधीच सांगायचंस," अप्पा कोटाचं बटण लावत म्हणाले. "मी नुसता घसा साफ करत होतो रे. बोकड आहे म्हणाला असतास, तर नीट ओरडलो असतो."