वरच्या टोमॅटोचा रकाना

धंदा टिकायचा तर हिशेब चोख हवा, याबद्दल दुमत नाही. (ज्यांचं वेगळं मत होतं, त्यांनी प्रशिक्षणाचा टी-शर्ट मिळाल्यावर ते मागे घेतलं.) म्हणूनच राजधानीहून सेंतोंगोसाहेब 'डिजिटल अर्थकौशल्य अभियान' घेऊन आमच्या म्बाले शहराच्या बाजारात आले, तेव्हा बाजार समितीचा चिटणीस या नात्याने मी त्यांचं मनापासून स्वागत केलं.

आदर्श विद्यार्थिनी म्हणून टोमॅटोवाल्या नांदुतूची निवड झाली. तिच्याकडे स्मार्टफोन होता, आणि नकार द्यायला ती त्या वेळी जागेवर नव्हती.

पहिल्याच आठवड्यात अभियानाच्या हिशेबाच्या ॲपमध्ये लाल दिवा लागला: गळती! कारण न्योंगेझा, म्हणजे पैसे घेतल्यावर वाट्यावर वरून टाकायचा एक टोमॅटो. तो न देणाऱ्याला आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. पण ॲपमध्ये त्याला रकाना नव्हता. (एकूण रकाने सत्तावन्न. पैकी एक 'हेलिकॉप्टर भाडे'.)

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, गिऱ्हाईक जाईल ना!"

"बाई, आकडे खोटं बोलत नाहीत."

बंद केलं. सगळं गिऱ्हाईक समोरच्या खाइन्झाकडे गेलं, जिच्या फोनला अजून बटणं आहेत. इकडे गळती शून्यावर आली आणि दिवा हिरवा झाला. विक्रीही शून्यावर आली होती, पण तिला दिवा नव्हता. महिनाअखेर भाडं आलं नाही तर ओटा शेजाऱ्याला द्यायचा, असा समितीचा नियम आहे. (मीच लिहिलाय. चांगला आहे.)

"तुमचा दिवा घाला चुलीत!" नांदुतू साहेबांवर कडाडली. "ओटा गेला तर पोरांना काय तुमचं ॲप शिजवून घालू?"

मला वाईट वाटलं. साहेबांना जास्तच वाटलं, कारण अभियानाच्या फलकावर तिचाच फोटो होता. ते दोन दिवस हॉटेलात रकाने वाचत बसले आणि तोडगा घेऊनच बाहेर पडले. न्योंगेझा 'जाहिरात खर्च' या रकान्यात बसतो! मात्र जाहिरात कुणापर्यंत पोचली याचा पुरावा लागतो. म्हणून वरचा टोमॅटो हवा असेल तर आता नाव, फोन नंबर, जन्मतारीख आणि घरात खाणारी तोंडं किती, एवढं सांगावं लागतं.

मला वाटलं, लोक चिडतील. छे! रांग लागली. म्हाताऱ्या वोमोनोला जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्याने जागच्या जागी एक पसंत केली. खाइन्झासुद्धा गुपचूप नंबर देऊन टोमॅटो घेऊन गेली. भाडं वेळेत आलं, ओटा वाचला. नांदुतू खूश, आणि खरं सांगतो, मीही. ती यादी पुढे कुठल्याशा कर्जवाल्या कंपनीकडे गेली म्हणतात. हल्ली सगळ्या बाजाराचे फोन नेमके जेवायच्या वेळी वाजतात, एवढंच.

हसताय? हसा. पण मागच्या वेळी दुकानदाराने नंबर विचारला आणि तुम्ही तो घडाघडा म्हणून दाखवलात, तेव्हा तुम्हाला टोमॅटो तरी मिळाला होता का?