दुसऱ्या दिवशीचा चहा

क्रांतीवरचं कुठलंही पुस्तक परत करताना देवरे सर शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच वाक्य लिहीत: 'दुसऱ्या दिवशी चहा कोणी केला?'

क्रांती फ्रान्सची असो, रशियाची असो, नाहीतर कादंबरीतल्या एखाद्या नकाशात नसलेल्या बेटावरची. राजा पळाला, झेंडा बदलला, समाप्त. 'समाप्त'च्या खाली सरांचा चहा.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत आमचं वाचनालय होतं. पुस्तकांची देवघेव माझ्याकडे, त्यामुळे खोडरबरही माझ्याकडेच. सर मनमाडच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, नाशकात एकटेच राहत.

"सर, पुस्तक खराब होतं."

"लेखक अर्धवट सोडतो त्याला मी काय करू, ताई? राजवाडा पडला, मान्य. सकाळी माणसं उठली असतील ना? पातेलं कोणी चढवलं? जी आधी चढवायची तिनेच. मग बदललं काय?"

मी मान डोलवायची आणि ते गेले की खोडायची.

त्याच सुमारास मी स्वतःच एक क्रांती केली. वय पंचेचाळीस, खांद्याला झोळी, आरशात पाहिलं की समोर इतिहासच उभा आहे असं वाटायचं. वाचनालयाच्या बैठकीत चहा बायकांनीच का करायचा, हा माझा सवाल. पत्रकं वाटली, घोषणा रचल्या (यमक जुळेना, तरी दिल्या). जुनी कार्यकारिणी पडली आणि मी सचिव झाले.

पहिल्या बैठकीत मी चाळीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. मग सगळे आतल्या खोलीतल्या गॅसकडे बघू लागले. कोणी उठेना. शेवटी मीच उठले. आलंसुद्धा किसलं.

मागच्या खुर्चीत सर होते. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातली पेन्सिल चाचपली. तेच मला झोंबलं. पुढच्याच आठवड्यात, पुस्तकं विद्रूप करतात म्हणून, मी त्यांचं सभासदत्व रद्द केलं. सत्ता आली की आधी काय करतात, हे मी त्यांनीच परत केलेल्या पुस्तकांत वाचलं होतं.

तरी सर रोज दहाला यायचे. पायरी चढायचे नाहीत. बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे आणि बारा वाजता उठून जायचे.

त्यांच्याकडे एक पुस्तक राहिलं होतं. ते घ्यायला मी त्यांच्या घरी गेले.

"बसा, चहा टाकतो," म्हणाले. चहा पांचट, वर साय.

मी खोचकपणे विचारलं, "चहाचं हे खूळ आलं कुठून, सर?"

"तरुणपणी आमच्या मनमाडच्या खोलीत बैठका व्हायच्या. दहा-बारा जण, सगळे जग बदलणारे. बायको, आमची शांता, स्टोव्हपाशी. एकदा कप घेऊन आली ती दारातच थांबली. म्हणाली, 'ते समदं खरं हाय, पण दुसऱ्या दिवशी चहा कोण करंल?' सगळे हसले." सरांनी बशी नीट केली. "सगळ्यात मोठ्याने मी."

"चेष्टेतच बोलल्या असतील."

"नाही हो. तिला आमच्यात बसायचं होतं. मला ते कळलं ती गेल्यावर." मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "प्रश्न तिचा आहे, ताई. तिला लिहिता येत नव्हतं. शाळेत साठ-साठ पोरं शिकवली मी. घरातलं राहून गेलं."

सभासदत्व मी तिथेच, त्या चहावर, परत दिलं.

पुढच्या बैठकीत चहाची वेळ झाली आणि सर उठले. "ताई, तुम्ही बसा. तुमचं बोलणं चालू द्या." चौदा माणसांचा चहा केला त्यांनी. भयंकर होता. सर होते तोवर दर महिन्याला आम्ही तो प्यायलो.

क्रांती टिकते का, मला ठाऊक नाही. ते गेल्यावर दोन बैठका चहाच झाला नाही, मग कोणीतरी थर्मास आणला.

पण मी खोडलेली पुस्तकं मला पाठ आहेत. हल्ली दुपारी वाचनालयात जाते आणि एकेक काढून शेवटचं पान उघडते. हात थरथरतो, त्यामुळे अक्षर नुकतंच लिहायला शिकलेल्या बाईचं वाटतं.

परवा तिथल्या नव्या मुलीने मला पकडलं.

"आजी, पुस्तक खराब होतं!"

"हो गं," म्हटलं, आणि वाक्य पुरं केलं.