मावशीच्या अंगणातला ठिपका

प्रशांतने काविळीचा नकाशा केला आणि त्यात त्याच्या सख्ख्या मावशीचं घर शहापुरातलं सर्वांत आजारी घर ठरलं. रुग्ण चौतीस. धोंडाबाई मावशी त्या घरात एकटीच राहत असे.

चूक प्रशांतचीच. २००४ साली आरोग्य प्रकल्पासाठी माहितीची मांडणी ठरवताना त्याने नियम घातला : प्रत्येक रुग्ण एका घराला जोडायचा, प्रत्येक घराला नकाशावर एक ठिपका. नियम सुबक होता. वस्ती तशी नव्हती. पत्र्याला पत्रा लागलेल्या गल्लीत ठिपका घेणाऱ्या जीपीएस यंत्राला उपग्रह सापडेना. सापडे तो फक्त मावशीच्या मोकळ्या अंगणात, शिवाय तिथे चहा मिळे.

"सगळ्यांचे तिथूनच घ्या," प्रशांतने आपल्या माणसांना सांगितलं होतं. "थोडं मागंपुढं चालतं."

ठिपका एकच, म्हणून संगणकाने सगळे रुग्ण मावशीच्याच घराला जोडले आणि नकाशावर तिच्या दारात तांबडा भोपळा उगवला. प्रकल्पाच्या शेखर साहेबांनी तो गांभीर्याने घेतला. 'येथील अन्नपाणी घेऊ नये' असा बोर्ड मावशीच्या दारावर ठोकला गेला. मावशी शिक्षकांना जेवणाचे डबे देई. सात होते, आठवड्यात एकही उरला नाही.

प्रशांतने शरमेने संगणकातून मावशीचं घरच पुसलं. बोर्ड उतरला, दोन डबे परत सुरू झाले. पण नियमाप्रमाणे घराला जोडलेले चौतीस रुग्णही घराबरोबर गेले. साहेबांनी वस्ती कावीळमुक्त झाल्याचं वर कळवलं आणि रुग्णांच्या आकड्यावर वस्तीला मिळणाऱ्या, पाण्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्या बंद झाल्या. माणसं पिवळीच राहिली.

रुग्ण परत घालायचे तर घर हवं. दुसऱ्या घराचा ठिपका घ्यायला लागणारं यंत्र मुरबाडच्या कामाला गेलेलं, दिवाळीनंतर येणार; हाताशी होता तो मावशीच्या अंगणाचाच जुना ठिपका. प्रशांतने जाऊन मावशीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे बाटल्या माझ्या नावावर येत होत्या?"

"कागदावर तशाच."

"आन् आता शेजारच्या जनाबाईच्या पिवळ्या पोरीला मिळत नाय."

"नाय."

मावशीने दोन खडे वेचून बाजूला ठेवले. "मंग टाक परत माझ्या दारात."

"मावशी, बोर्ड परत लागंल. डबे जातील."

"ते कळतंय रे मला. तुझ्यावानी शिकलेली नाय मी, तरी."

प्रशांतने घर परत घातलं. चौतीसही आले, बाटल्याही आल्या. बोर्ड घेऊन माणूस आला, तो खिळे विसरून. मावशीने फडताळातून चार खिळे काढून दिले. मागच्या खेपेचे होते. तिने ठोकून सरळ करून ठेवले होते.