टॉवरचं पान

बोरीवली पूर्वेच्या आमच्या 'शुभचिंतन' सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या विमलाकाकूंच्या झोपायच्या खोलीत छताला तडा गेला. काकूंनी सेक्रेटरी राजेश यांना कळवलं. राजेशनी विषय सभेपुढे ठेवला, सभेने तो पुढच्या सभेपुढे ठेवला आणि तोवर तडा पंख्यापर्यंत आला. तेव्हा काकू दुसऱ्या मजल्यावरच्या श्रुतिकाकडे गेल्या. श्रुतिका टॅरोची पानं मांडून लोकांना मार्गदर्शन करते. तिच्याकडे निदान त्याच दिवशी उत्तर मिळतं.

"काकू, प्रश्न मनात धरा."

"मनात कित्याक? त्या खोलीत निजायचा काय नाय, इतक्याच इचारूचा आसा."

श्रुतिकाने तीन पानं उलटली. पहिल्यावर कंदील घेतलेला म्हातारा होता. काकूंना त्यात आपले यजमान गुणाजी दिसले नाहीत, कारण गुणाजींच्या हातात कायम रिमोट असतो. दुसऱ्यावर उलटा लटकलेला माणूस होता. तो राजेश असावा, असं दोघींचंही मत पडलं. तिसऱ्या पानावर वीज पडून फुटलेला मनोरा होता आणि त्यातून दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी पडत होती.

श्रुतिकाचा आवाज उतरला. "हे टॉवरचं पान, काकू. जे भक्कम समजत होतो ते..."

पुढचं काकूंनी ऐकलंच नाही. बोरीवलीत टॉवर या शब्दापुढे कुणी काही ऐकत नाही.

संध्याकाळपर्यंत सोसायटीचा पुनर्विकास नक्की झाला होता. तडा बघायला कधी न आलेले राजेश श्रुतिकाच्या दारात चपला काढून उभे राहिले. त्यांनी पान उजेडात धरलं. मनोऱ्याच्या तीन खिडक्या म्हणजे पार्किंगचे तीन मजले. वीज म्हणजे नवीन मीटर. पडणारी माणसं म्हणजे भाड्याच्या घरात जाणारे सभासद.

"पण डोकं खाली करून का जातायत?" गुणाजींनी विचारलं.

"बिल्डरने नोटीस उशिरा दिली असेल," राजेश म्हणाले.

"राजेशकाका, हे पान इमारतीबद्दल नसतं, मनाबद्दल असतं," श्रुतिका म्हणाली.

"मनाला एफएसआय नसतो, बेटा," राजेश शांतपणे म्हणाले.

रविवारी खास सभा झाली. इमारत लवकरच पडणार असल्याने तिच्या दुरुस्तीवर खर्च करणं नियोजनाशी विसंगत ठरेल, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. काकूंनी छताखाली टेकू लावण्यासाठी बोलावलेल्या माणसांना फाटकावरूनच परत पाठवण्यात आलं.

गुणाजींनी मग स्वतःच एक इंजिनियर आणला. अनिरुद्ध त्याचं नाव. त्याने हातोडीने छत ठोकून बघितलं आणि खोली आजच रिकामी करा म्हणाला.

"नव्या टॉवरबद्दल तुमचं काय मत?" राजेशनी विचारलं.

"मला फक्त हे छत दिसतंय."

सभासदांची निराशा झाली. माणूस शिकलेला होता, पण त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. त्याचं मत वैयक्तिक समजून बाजूला ठेवण्यात आलं.

श्रुतिका मात्र त्याच दिवशी खाली आली. "काकू, पानं राहू द्या. मीच सांगते, त्या खोलीत झोपू नका."

"ह्या तू पयलाच सांगाक होया होता गं," काकू म्हणाल्या आणि गुणाजींसह तिघांनी मिळून गाद्या हॉलमध्ये आणल्या.

दोन दिवसांनी दुपारी गुणाजी चष्मा आणायला त्या खोलीत गेले आणि छताचा मोठा पोपडा त्यांच्या खांद्यावर कोसळला. आवाज ऐकून अख्खी सोसायटी जमली. काकू पदराने नवऱ्याचं रक्त पुसत होत्या. राजेशनी वाकून सिमेंटचा एक तुकडा उचलला, तो सगळ्यांना दाखवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "पाडकाम सुरू झालं."

कुणीतरी पेढे आणले. गुणाजींना दवाखान्यात न्यायला रिक्षा गाठायला निघालेल्या काकू जिन्यात वाट मागत होत्या, तेव्हा एका सभासदाने त्यांना नव्या टॉवरमध्ये कुठला मजला हवा, हेही आपुलकीने विचारलं.

गुणाजींना टाके पडले. छत तसंच आहे. ही हकीकत मी अनेकांना सांगितली. गुणाजी आता कसे आहेत, हे एकानेही विचारलं नाही. सगळे जरा इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, त्या श्रुतिकाचा नंबर मागतात.

तुम्हालाही देतो. फक्त आधी माझा नंबर लागू द्या.