मोठ्या बाईंचं हार्दीक कार्ड

मोठ्या बाई निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा कचेरीच्या वतीने कार्ड कुणी आणायचं यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आणायचं कशाला? मी घरी करते." आणि हे अशा सुरात म्हटलं, की जणू बाजारातली सगळी कार्डं मला विचारूनच छापतात.

खरं तर मला भेटकार्डं करायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. पण सामान भरपूर होतं. फुलापानांच्या आकाराचे पोलादी साचे, ते कागदावर दाबून आकार कापणारं हाताने फिरवायचं यंत्र, रबरी ठसे, जलरंगांच्या वड्या. ओट्याचा अर्धा भाग माझ्या रंगांनी घेतला होता आणि उरलेल्या अर्ध्यात नवरा मुकाट्याने चहा करत होता. अशा बाईला एक कार्ड म्हणजे डाव्या हातचा मळ.

आता मोठ्या बाई कोण ते सांगते. आमच्या नळजोडणीच्या कचेरीच्या त्या प्रमुख. मी बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या लाल पेनाखालून जायचा. एकदा मी आजारपणाच्या रजेच्या अर्जात 'प्रकृती'ची वेलांटी चुकवली, तर रजा मंजूर झाली आणि अर्ज नामंजूर. पत्र फारच उत्तम झालं असेल तर बाई म्हणायच्या, "चूक नाही." त्यापलीकडे कौतुक कधी कुणाच्या वाट्याला आलेलं मला आठवत नाही. म्हणूनच हे कार्ड चांगलं व्हायला हवं होतं. बावीस वर्षांत एकदा तरी त्यांनी 'छान' म्हणावं, एवढीच इच्छा.

रविवारी दुपारी बसले. यंत्रात साचा, कागद आणि प्लास्टिकच्या पाट्या यांचे थर ठरलेल्या क्रमाने लावायचे असतात. मी ते माझ्या क्रमाने लावले. दांडा अर्ध्यात अडला. नवऱ्याला हाक मारली.

"हे अडकलंय की असंच असतं?" त्याने विचारलं.

"तू जोर लाव, बाकीचं मी बघते."

त्याने जोर लावला. यंत्र जागचं हललं नाही, टेबल मात्र चालत चालत फ्रिजपर्यंत गेलं. अखेर पानं कापली गेली, पण प्लास्टिकच्या पाटीवरही तीच पानं कायमची उमटली.

मग मी कार्डावर वेलीचा ठसा उमटवला आणि आत रंग भरायला घेतला. ठशाची शाई दोन प्रकारची असते, पाण्याने पसरणारी आणि न पसरणारी. माझ्या हाताला कुठली लागली असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ओला कुंचला टेकला मात्र, वेल विरघळली. टिपायला गेले तर कार्डभर जांभळट डाग झाले. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात नवरा मागून डोकावला.

"ढग मस्त आलेत."

"ते ढग नाहीत."

"मग काय आहे?"

मी जरा विचार केला. "ढगच आहेत," म्हटलं, आणि कापलेली पानं ढगांखाली वाऱ्यावर उडाल्यासारखी चिकटवून टाकली.

राहिला मजकूर. तो मी खोडरबरावर स्वतः कोरला. रबरावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे ती कागदावर सुलटी येतात. त्या उलट्या जगात पहिली वेलांटी कुठल्या बाजूची आणि दुसरी कुठल्या, यात डोकं इतकं गरगरलं, की ठसा वाचता आला यातच मी धन्यता मानली.

सोमवारी कार्ड एका फाईलमध्ये घातलं आणि बाईंना पत्ता लागू न देता सह्यांसाठी फिरवलं. प्रत्येकाने दोन-दोन ओळी लिहिल्या. आमचे हिशेबनीस फारच अबोल गृहस्थ. तेसुद्धा पाऊण तास पेन चावत बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर फाईल माझ्या टेबलावर यायची होती. शिपाईकाकांनी ती इतर फाईलींबरोबर उचलली आणि रोजच्या सवयीने नेऊन ठेवली थेट बाईंच्या टेबलावर.

मी धावत त्यांच्या खोलीत गेले. गठ्ठ्यात फाईल वरून तिसरी दिसत होती.

"बाई, ती तिसरी फाईल जरा परत हवी होती."

"का?"

कारण ठरवून जायला हवं होतं. तोंडात आलं ते बोलले. "त्यात चुका राहिल्यात."

बाईंनी चष्मा सारखा केला. "चुका? मग तीच आधी बघते. तुम्ही या."

मी आले. बाहेर सगळे माझ्याकडे असे बघत होते, की विचारू नका. हिशेबनीस तर पाणी प्यायला म्हणून गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत.

अर्ध्या तासाने फाईल बाहेर आली. कार्ड लालेलाल. 'हार्दीक'चं 'हार्दिक' झालं होतं. कुणीतरी 'आशिर्वाद' मागितला होता, तो 'आशीर्वाद' करून मिळाला होता. हिशेबनीसांचं वाक्य असं होतं: 'आपण असताना जे असे, ते आपण नसताना नसणार, हे असणारच.' त्याखाली लाल रेघ आणि शेजारी शेरा: 'अर्थबोध होत नाही. खुलासा घ्यावा.' अगदी तळाशी लिहिलं होतं, 'सुधारून पुन्हा सादर करावे. ढग छान.'

ते शेवटचे दोन शब्द मी किती वेळा वाचले, ते सांगत नाही.

दुसरं कार्ड मी जिवाचं रान करून केलं. क्रम बरोबर, शाई बरोबर, वेलांट्या दोन जणांकडून तपासून घेतलेल्या. निरोपाच्या दिवशी ते बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं, वाचलं आणि म्हणाल्या, "चूक नाही." मग म्हणाल्या, "पहिलं कुठे आहे?"

आम्ही शिपाईकाकांकडे बघितलं.

"खुलासा यायचा होता ना," काका म्हणाले, "मी ते प्रलंबितमध्ये लावलं."

चहा निवत होता, आणि आम्ही तिघं-चौघं दप्तरखान्यात गठ्ठे सोडत होतो. गळक्या जोडण्यांच्या तक्रारींमध्ये ते सापडलं. बाईंनी धूळ झटकली, चष्मा लावला आणि हिशेबनीसांना जवळ बोलावलं.

"याचा खुलासा राहिलाय."

हिशेबनीस खाली बघत म्हणाले, "बाई, माझी बायको दवाखान्यात होती, तेव्हा तीन महिने माझं अर्धं काम तुम्ही करत होतात. कुणाला कळूही दिलं नाहीत. ते लिहायचं होतं. पण लिहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पेन काढलं आणि स्वतःचाच शेरा खोडला.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

ते लालेलाल कार्ड पर्समध्ये नीट ठेवून त्या गेल्या. दुसरं, बिनचूक, तसंच टेबलावर बिस्किटांच्या बशीखाली राहिलं. मी ते घरी आणून कपाटात ठेवलंय. पुढच्या वर्षी हिशेबनीस निवृत्त होताहेत. हे सह्यांसाठी फिरवलंच नव्हतं, त्यामुळे आत नाव कुणाचंच नाही, फक्त 'बाई'चं 'साहेब' करावं लागेल आणि बशीचा डाग तेवढा झाकावा लागेल.