आवरून ठेवलेलं आजारपण

सूनबाईंनी घरातलं आजारपण इतकं चकाचक आवरलं, की तपासायला आलेल्या सरकारी बाईंना ते सापडेचना!

घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना सरकार भत्ता देतं, म्हणून सूनबाईंनी अर्ज केला होता. सासरे निवृत्त पीटी मास्तर. चार वर्षांपूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि सूनबाईंनी शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडली. आता भत्ता नाही मिळाला, तर एक तारखेपासून त्या कामावर आणि मास्तर दिवसभर एकटे.

पण घरी कुणी येणार म्हटलं की सूनबाईंचा हात थांबतो कुठला! कमोडची खुर्ची माळ्यावर, वॉकर पलंगाखाली, औषधं कपाटात. मास्तरांची गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीशी दोन उशा.

"पेशंट कुठायत?" सरकारी बाईंनी विचारलं.

"मीच तो!" मास्तर गरजले. "एकदम ठणठणीत. माझं सगळं मीच करतो."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, खरं सांगा ना!"

"खरंच सांगतोय. रोज पन्नास बैठका मारतो."

"मग भत्त्याची गरज दिसत नाही," म्हणत सरकारी बाई लिहू लागल्या.

"झालं! म्हणजे मला कामाला जायलाच हवं," सूनबाई पुटपुटल्या. "तुमच्याजवळ कोण थांबणार, बाबा?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "थांबा हो, खोडा ते! कसल्या बैठका? मला साधी कूसही बदलता येत नाही. परक्यासमोर सांगायची लाज वाटली."

सरकारी बाईंनी लिहिलेलं खोडलं. "काळजी रोज किती तास घेता?"

"असतील चार-पाच," सूनबाई म्हणाल्या.

"तू गप्प बस गं, मी सांगतो!" मास्तर चालत्या हाताच्या बोटांवर तास मोजू लागले. उठवणं, अंघोळ, मालीश, भरवणं, रात्रीची कूस. "आणि मी चिडलो की समजूत काढणं, त्याचेच सहा तास धरा." बेरीज सव्वीसवर गेली.

"मास्तर, दिवसाचे तास चोवीसच असतात."

"तुमच्या असतील. हिच्या दिवसाचे सव्वीस असतात." मास्तरांनी सुनेकडे बोट केलं. "चार वर्षं बघतोय मी. फार केलं हो पोरीनं माझं. कधी बोललो नाही, एवढंच."

सरकारी बाईंनी चोवीस लिहिले आणि 'गरज आहे'वर ठळक खूण केली. सूनबाई तिथेच बसून ढसाढसा रडायला लागल्या.

मास्तर पार गडबडले. "अहो बाई, जाऊ नका! हिची समजूत कशी काढायची असते, ते मला कुठे माहितीय?"